दाण्यातलं पाणी

गोदामात त्याला सगळे 'वाळवंट' म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलंसं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर हा कोण नवा माणूस आलाय म्हणून तो स्वतःच मागे वळून बघत राहिला असता. चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं. आलेलं धान्य वाळवलं. ट्रक दारात लागला की हा पोत्यात टोकदार नळी खुपसायचा, तिच्यातून ओघळलेले चार दाणे तळहातावर घ्यायचा आणि त्यातला एक दाताखाली धरायचा. 'कट्' असा कोरडा आवाज आला की माल आत. आवाज बोदा आला की माल वाळवणीच्या भट्टीकडे. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं, तेव्हा साहेबांनी गंमत म्हणून दोघांची शर्यत लावली. वाळवंटाने दाणा चावला आणि "साडेचौदा टक्के" म्हणाला. यंत्र बराच वेळ विचार करून म्हणालं, चौदा पूर्णांक सहा. त्या दिवशी साहेबांनी यंत्राकडे जरा दयेनेच पाहिलं म्हणतात.

ओल म्हणजे वैरी, हे तो नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शिकला होता. सलग सुट्ट्या आल्या होत्या, घरी जायची घाई होती, आणि मक्याची एक थप्पी त्याने न चावताच आत घेतली. पाचव्या दिवशी गोदाम उघडलं तर पोत्यात हात घालवेना, इतकं धान्य आतून तापलेलं. करडी बुरशी धरलेली, आणि वास असा की पुढे आठवडाभर अन्न कडू लागावं. सगळी थप्पी फावड्याने ओढून खड्ड्यात पुरावी लागली. बोलणी खाल्ली ती खाल्लीच, पण त्या तापलेल्या धान्याचा चटका त्याच्या हातावर जन्मभर राहिला. त्यानंतर तो जे दिसेल ते वाळवत सुटला.

घरात साबणाची वडी खिडकीत उभी केलेली असायची. धुतलेले चमचे उन्हात रांगेने पडलेले, छत्र्या बोळकंडीत उघड्या. पुस्तकं महिन्यातून एकदा गच्चीवर पालथी घातली जायची. बायको म्हणायची, "एकदा मलाही दोरीवर घाला, दोन चिमटे लावा, म्हणजे तुमच्या जिवाला स्वस्थता." तो हसायचा आणि तिचे ओले केस टॉवेलने नीट पुसले आहेत ना, ते हळूच बघून घ्यायचा.

निवृत्त झाला तेव्हा त्याचे वरचे दात खोटे होते. खरे दाण्यांनीच खाल्ले म्हणायचे. खोट्या दाताला ओल कळत नाही, पण आता कळायचं राहिलंय तरी काय, असं त्याला वाटे. धान्यातलं सगळं आपल्याला कळून चुकलंय, अशा समाधानात तो होता. माणसाला असं समाधान वाटू लागलं की खुशाल समजावं, काहीतरी शिकायची वेळ जवळ आली आहे.

त्याच सुमाराला ताई त्याच्याकडे राहायला आली. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि ताई सतरा. पुढच्या वर्षी ती टेलिफोन केंद्रात ऑपरेटर झाली, कानाला ते जड यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडत बसली ती थेट निवृत्तीपर्यंत. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "एक पोर आहे पदरात, आणखी कोण वाढवतंय?" ते पोर म्हणजे वाळवंट. त्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला तिने शिकवलं, पहिली दाढी करताना आरसा तिने धरला, आणि त्याचं लग्न ठरलं तेव्हा सुनेला सांगावं तसं होणाऱ्या भावजयीला सांगितलं, "हट्टी आहे, पण खोटं बोलत नाही." तिचं बोलणं म्हणजे तडतड लाह्या फुटाव्यात. नियमाला ती पक्की. ट्रंक कॉलची तीन मिनिटं म्हणजे तीनच मिनिटं, पलीकडे खुद्द साहेब बोलत असले तरी.

या ताईचं हृदय थकलं. पाय सुजले, चार पायऱ्या चढताना दम लागू लागला, दवाखान्यात महिना काढावा लागला. औषधांनी सूज उतरली, पण डॉक्टरांनी मीठ बंद केलं. कमी नव्हे, बंद. आणि मिठापाठोपाठ ताईचं जेवण बंद झालं.

वाळवंटाची बायको हाताला चव असलेली बाई. तिने आपली सगळी विद्या पणाला लावली. ताई मुकाट्याने ताटावर बसायची, दोन घास गिळायची, तिसरा तोंडात घोळवत राहायची आणि ताट सरकवायची. "झालं माझं." बोलणंही आटलं होतं. दिवसभर खिडकीशी बसायची, शाल पायांवर घेऊन. ज्या बाईने आयुष्यभर कुणाची लाइन वेळेआधी तुटू दिली नाही, ती आता अशी गप्प बसे.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजनाचा काटा पाहिला आणि ताईला बाहेर बसवून त्याला आत बोलावलं.

"महिन्यात चार किलो उतरल्यात. औषधं आपलं काम करतायत, पण पोटात काही जायला हवं ना?"

"करतो आम्ही. खात नाही ती."

"खात नाहीत की खायचं नाही?" डॉक्टर म्हणाले. "फरक आहे. माणसानेच मनातून सोडून दिलं असेल तर आमच्या हातात फारसं राहत नाही. अजून तीन आठवडे बघू. काहीही करा, पण खायला घाला."

वाळवंट बाहेर आला तो पाय ओढतच. ताईने जगायचंच सोडून दिलं असेल तर? हा प्रश्न तिला विचारायचं धाडस त्याच्यात नव्हतं. दोघं टॅक्सीत बसली. चौकात टॅक्सी थांबली, शेजारी सिनेमाचं थिएटर होतं, आणि उघड्या काचेतून एक खरपूस, खारट वास आत आला. ताईने मान वळवली. डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला.

"लाह्या," ती म्हणाली.

एवढंच. पण गेल्या दीड महिन्यात खाण्याच्या वस्तूचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. बुडत्याला काडीचा आधार असतो. वाळवंटाला तर इथे सबंध कणीस मिळालं. त्याने घरी पोचताच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, थिएटरातल्या नको, त्यात मीठ आणि लोणी सोडून दुसरं असतंच काय. घरी करा, तेल अगदी बेताचं, मीठ शून्य, खुशाल द्या. मक्याची लाही म्हणजे सालीसकट आख्खं धान्य, वाईट काहीच नाही त्यात.

दुसऱ्या दिवशी त्याने भुसार मालाच्या दुकानातून लाह्यांचा मका आणला, अर्धा किलो. बारीक पण टपोरे, तांबूस पिवळे दाणे. ते हातात खेळवताना चौतीस वर्षं हाताशी आली. आणि हाताने जे करायचं तेच केलं. गच्चीवर पत्रा टाकला, दाणे एकेरी पसरले आणि चार दिवस खणखणीत उन्हात वाळवले. रोज दोनदा हात फिरवला. आधी वजन केलं होतं पाचशे ग्रॅम, नंतर भरलं चारशेऐंशी. वीस ग्रॅम ओल काढली! त्याने बायकोला काटा दाखवला. "बघ, आता कसा हाडासारखा झालाय." बायकोने दाण्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ज्याचं त्याला ठाऊक म्हणून भाजी चिरायला गेली.

पाचव्या दिवशी दुपारी पातेल्यात चमचाभर तेल तापवून त्याने मोठी वाटी भरून दाणे टाकले, झाकण ठेवलं आणि ताईला स्वयंपाकघरात खुर्ची देऊन बसवलं. म्हणाला, "ऐकत राहा, आता कशी गंमत होते." दोघं ऐकत राहिली. पातेल्यात दाणे खडखड लोळले. एक फुटला. बऱ्याच वेळाने दुसरा. मग धुराचा वास आला. झाकण काढलं तर तळाशी काळे पडलेले, न फुटलेले गणंग, आणि त्यांच्यात सात लाह्या, त्याही अर्ध्याच उमललेल्या, सुरकुतलेल्या. त्यातली एक ताईने उचलली, बघितली आणि परत ठेवली.

"राहू दे रे," ती म्हणाली. "कशाला जिवाला त्रास करून घेतोस."

आवाज इतका मऊ होता की त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. ताई रागावली असती, टोमणा मारला असता, 'एवढी वर्षं धान्यात लोळलास आणि लाही फुटत नाही तुझ्याच्याने' असं म्हणाली असती, तर तो जेवला असता त्या रात्री.

सकाळी तो तावातावाने दुकानात गेला. गल्ल्यावर मालकीणबाई होत्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात फडक्याने पुसायला घेतलेलं माप. त्याने उरलेल्या दाण्यांतली पसाभर पुडी त्यांच्यासमोर ओतली.

"वांझ माल दिलात. फुलतच नाही."

बाईंनी एक दाणा उचलला, उजेडात धरला, मग दाताखाली घेतला. 'कट्' असा स्वच्छ आवाज आला. वाळवंटाची छाती नकळत फुगली. बाईंनी दाणा थुंकला.

"वाळवलात?"

"अर्थात."

"किती?"

"चार दिवस. कडक ऊन होतं."

बाईंनी चष्मा काढला. "अहो दादा, दाण्यातलं पाणी काढून घेतलंत आणि वर मलाच विचारता फुलत का नाही! पाण्यानेच तर फुलतो तो. आत थेंबभर ओल असते, ती तापते, वाफ होते, साल घट्ट, बाहेर पडायला वाट नाही. मग आतून रेटा बसतो आणि दाणा फुटून उलटा होतो. तुम्ही वाफेलाच घराबाहेर काढलंत."

"बाई, चौतीस वर्षं मी धान्य वाळवलंय. ओल राहिली की धान्य मरतं."

"साठवायला वाळवत होतात तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "ते बरोबरच. पण याला साठवायचंय कुठे? याला फुलवायचंय. हा टाका आणि दुसरा घेऊन जा."

दुसरा त्याने घेतला नाही. चूक आपली होती, ती आपणच निस्तरायची. घरी येताना तो रस्ता ओलांडायचा विसरून भलत्याच गल्लीत शिरला. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आयुष्यभर ज्याला शत्रू समजून त्याने दाण्यादाण्यातून हुसकून लावलं, ते दाण्याचा जीव होतं? लाखो पोती हातांखालून गेली, आणि त्यातला एक दाणासुद्धा आत काय घेऊन बसलाय हे त्याने कधी पाहिलं नव्हतं! त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पोटात एक विलक्षण कुतूहल जागं झालं. साठी उलटल्यावर असं काही वाटणं ही चैनच म्हणायची.

हिशेब त्याला येत होता. उरले होते तीनशेसाठ ग्रॅम. चारशेऐंशीला वीस गेलं, तर तीनशेसाठला पंधरा. तीन चमचे पाणी. घट्ट झाकणाची काचेची बरणी घेतली, दाणे भरले, चमच्यात पाणी घेतलं, आणि तिथे त्याचा हात थांबला. धान्यावर पाणी घालायचं? आपल्या हाताने? तो तापलेला मका, ती करडी बुरशी, सगळं डोळ्यांपुढे आलं. बायको ओट्याशी उभी राहून बघत होती. तिने चमचा काढून घेतला नाही, की घाई केली नाही. "पुण्यच लागेल," एवढंच म्हणाली. त्याने डोळे मिटून पाणी ओतलं. झाकण लावलं. बरणी हलवली. दाणे काचेला चिकटले, मग सुटे झाले.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी बरणी हलवायचा नेम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी काच आतून कोरडी झाली होती. पाणी कुठे गेलं? दाण्यांनी प्यायलं. त्याने नाक लावून पाहिलं, वास गोड होता, बुरशीचा मागमूस नाही. दहा दाणे तापवून बघितले, तीन फुलले. तिसऱ्या दिवशी दहातले सहा. चौथ्या दिवशी नऊ! दरम्यान उत्साहाच्या भरात त्याने वेगळ्या वाटीत थोडे दाणे जास्तच ओले करून पाहिले, तर त्यांच्या लाह्या बुटक्या, चिवट आणि बसक्या निघाल्या. म्हणजे पाणी नसलं तरी फुलत नाही, आणि फार झालं तरी धड फुलत नाही. किती असावं, ते दाण्याने कणसावर असतानाच ठरवलेलं असतं. त्या मापाच्या आसपास पोचायला त्याला चार दिवस आणि एक काटा लागला होता. दाण्याकडे काटा नव्हता, तरी त्याचं माप चुकलं नव्हतं. हे कुणी शिकवलं त्याला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाहेर गेली असताना त्याने एक नवलाचा उद्योग केला. लहान कढईत थेंबभर तेल, काचेचं झाकण, आणि आत एकच दाणा. मध्यम आच. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकला आणि बघत राहिला. दाणा नुसता पडून होता. मग त्याच्या सालीवर एक चकाकी आली. मग तो थरथरला. जागच्या जागी, अगदी बारीक. वाळवंटाने श्वास रोखला. आणि पापणी लवायच्या आत दाणा नाहीसा झाला होता. आवाज नंतर कानात शिरला. झाकणाखाली एक पांढरंशुभ्र, पाकळ्यापाकळ्यांचं काहीतरी अजून हलत होतं, आणि काचेवर आतून वाफेचा एक पुसट डाग उमटला होता, करंगळीच्या नखाएवढा. तेवढंच ते पाणी. एवढ्याशा पाण्याने एवढ्या कठीण दाण्याला आतून बाहेर उलटवून टाकलं होतं.

त्याने गॅस बंद केला आणि खाली फरशीवरच बसला. चौतीस वर्षं देवळाच्या पायरीवर बसून दाराकडे पाठ करून राहिलो, असं काहीसं त्याच्या मनात आलं.  मग उठला आणि दुसरा दाणा टाकला. पुन्हा तेच, आणि तितकंच अचंबित करणारं. बायको परत आली तेव्हा ओट्यावर बावीस लाह्या एका ओळीत मांडलेल्या होत्या आणि वाळवंट तेविसाव्या दाण्यापुढे ओणवा झाला होता.

"अगं, इकडे ये, इकडे ये," तो म्हणाला. "बोलू नकोस. बघ."

तीही वाकली. दोघांची डोकी कढईवर. दाणा फुटला तशी ती दचकून मागे झाली आणि हसली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची तशी. "इतकी वर्षं स्वयंपाक करतेय," ती म्हणाली, "झाकणातून कधी बघितलंच नाही बाई."

आता प्रश्न चवीचा. मीठ नाही, आणि तरी जिभेला काही हवं. इथे मात्र त्याची जुनी विद्या कामाला आली. दाणा ओला हवा, पण मसाला कोरडाच लागतो, आणि कोरडं करण्यात त्याचा हात कोण धरणार! लिंबाची वरची पिवळी साल त्याने किसून सावलीत वाळवली. टोमॅटोच्या पातळ चकत्या पत्र्यावर घालून कुरकुरीत केल्या. लसणाच्या पाकळ्या कापून सुकवल्या. जिरं कोरडं भाजलं, काळी मिरी घेतली, चिमूटभर हळद. सगळं कुटून, चाळून, पुन्हा कुटून त्याची एक केशरी भुकटी झाली. जिभेवर ठेवली की आधी आंबट, मग खमंग, मग घशाशी एक हलकी झणझण. बायकोने बोट बुडवून चाखलं, "हं" म्हणाली, आणि दुसरं बोट बुडवलं.

भुकटी लाहीला धरेना, तळाशी बसे. त्याने पाण्याचा शिपका मारून पाहिला, तर सगळ्या लाह्या माना टाकून बसल्या. बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, पाण्याचं वेडच लागलं की तुम्हाला आता! पूर्वी थेंब चालत नव्हता. सरका." लाह्या गरम असतानाच तिने त्या मोठ्या परातीत ओतल्या, चमचाभर कोमट तेल कडेने फिरवून सोडलं, वरून भुकटी भुरभुरली आणि परात दोन्ही हातांनी उडवत गेली. प्रत्येक लाहीच्या घड्यांमध्ये केशरी रंग जाऊन बसला. वास सबंध घरात पसरला. आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तीन आठवडे संपायला पाच दिवस उरले होते. वाळवंटाने वाडगा भरला आणि खिडकीशी बसलेल्या ताईच्या मांडीवर आणून ठेवला.  यावेळी गंमत होते, ऐकत राहा, वगैरे काही नाही. बायको दारात पदराला हात पुसत उभी.

ताईने एक लाही घेतली. उलटसुलट करून पाहिली. तोंडात टाकली. कुरुम असा आवाज झाला. तिचं चावणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, सावकाश. तिने दुसरी घेतली, मग तीन एकदम. वाळवंट तिच्या जबड्याकडे असा बघत होता, की कढईतल्या दाण्याकडेही त्याने इतक्या आशेने पाहिलं नव्हतं. पाचवी, सहावी. मूठ भरली. मूठ तोंडापाशी आली आणि तिथेच थांबली.

ताईने मूठ परत वाडग्यात सोडली. वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि खिडकीच्या कठड्यावर दाणकन आपटला.

"यात मीठ आहे."

"नाही, ताई."

"मला शिकवतोस? सत्तर-पंच्याहत्तर वर्षं वापरलेली जीभ आहे ही. मीठ आहे यात!"

"नाही गं. लिंबाची साल आहे, टोमॅटो आहे—"

"दया आली का माझी? दयेनं मारायचंय मला?" ताईचा आवाज चढला. गालावर रंग आला. शब्दामागून शब्द तडतडत बाहेर पडू लागले. "डॉक्टर बंद म्हणाले म्हणजे बंद! दोन महिने झाले, मी जिभेवर कण ठेवला नाही. तुम्हाला वाटतं सोपं आहे? ते पांचट घास घशाखाली उतरत नाहीत रे माझ्या, उलटून येतात, तरी रोज बसते की नाही ताटावर? दोन घास तरी ढकलते की नाही? कशासाठी ढकलते मी? आणि तू चोरून मीठ घालतोस! अरे, मला जगायचंय अजून!"

 ताई धापा टाकत होती. वाळवंटाची बायको धावत आत गेली, मसाल्याची बरणी घेऊन आली, आणि "शपथ घेते, ताई, मिठाचा डबा मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय, ही बघा किल्ली," असं म्हणत किल्ली शोधू लागली. ताईने बरणीत बोट घातलं, चाखलं, पुन्हा चाखलं. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. तिने अविश्वासाने भावाकडे पाहिलं.

"मीठ नाही?"

त्याने मान हलवली.  समोर ती बसली होती, लालबुंद, रागावलेली, ओठांना केशरी भुकटी लागलेली. गेले दोन आठवडे तो ज्या प्रश्नाला भीत होता त्याचं उत्तर तिने ओरडून दिलं होतं. तो तिच्या पायाशी खालीच बसला.

"असा काय बघतोस?" ताई म्हणाली, आणि वाडगा पुन्हा मांडीवर घेतला.

"ताई," तो म्हणाला, "पुन्हा एकदा म्हण."

"काय म्हणू?"

"आत्ता म्हणालीस ते. शेवटचं."

ताईने मूठभर लाह्या तोंडात टाकल्या. भरल्या तोंडाने ती तेच वाक्य म्हणाली, आणि लगेच विचारलं, आणखी आहेत का.